जमादारच्या सुईची वेळ

माणसांना इन्सुलिन टोचायला मी बत्तीस वर्षं शिकवलं. सरकारी दवाखान्यातली सिस्टर मी. सुई बघून घेरी येणारे पहिलवान बघितले, स्वतःच्या पोटाला सुई लावताना देवाचा धावा करणाऱ्या म्हाताऱ्या बघितल्या. आता आपल्याला कशाचं नवल वाटणार नाही, अशा घमेंडीत मी रिटायर झाले होते. ती घमेंड युनूसचाचांनी एका दुपारी उतरवली. डिसेंबर होता, मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. चाचा आले, खांद्यावरची कापडी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून एक मांजर बाहेर काढलं.

"सिस्टर, याला सुई मारायला शिकवा."

"कुणाला?"

"जमादारला. शुगर निघाली. जालन्याच्या डॉक्टरनं इन्सुलिन लिहून दिली, दिवसातून दोनदा."

"मांजराला?"

"मंग काय मला? मला कुठं शुगर हाय?"

अहो, हसावं की रडावं! मी तोंडावर म्हणलं, "चाचा, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" चाचांनी राग मानला नाही. पिशवीतून छोटा थर्मास काढला, थर्मासातून औषधाची बाटली काढली आणि सुपातल्या तांदळाशेजारी ठेवली. म्हणाले, "डोकं बराबर हाय. हात शिकायचा राह्यला."

युनूसचाचांना आमच्या मंठा गावात सगळे घड्याळवाले चाचा म्हणायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, मागं एकट्याची खोली. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढीशी जागा. भिंतीवर तीस-चाळीस घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. एकात सव्वातीन, शेजारच्यात पावणेअकरा, तिसरं उलटंच चाललेलं. मी एकदा वैतागून विचारलं, "यातलं खरं कोणतं हो?" तर म्हणाले, "एकबी न्हाई. खरं असतं तर हितं कशाला आलं असतं? सगळे पेशंट हायत, सिस्टर. पेशंटला कुणी टाइम विचारतं का?"

स्वतःच्या मनगटाला घड्याळ नाही. उभा जन्म घड्याळं उघडण्यात गेला आणि माणूस चालायचा अजानीवर. पहाटेच्या अजानीला उठणं, दुपारच्या अजानीला दुकानाचं अर्धं शटर खाली, दिवेलागणीच्या अजानीला पूर्ण. आता त्यांनाच कशाला हसू? आमची सगळी गल्ली तशीच. माझं दूध पहाटेच्या अजानीला गॅसवर चढतं, समोरच्या काकूंचा सडा अजानीला पडतो, संध्याकाळी अजान झाली की पोरांना घरात ओढायचं. मशिदीचा भोंगा आमच्या अंगात इतका मुरलाय की आम्हाला तो ऐकूसुद्धा येत नाही, नुसते हात कामाला लागतात.

आणि खरं बोलण्याचं तर या माणसाला व्यसन होतं. एका लग्नाच्या आदल्या दिवशी एक सासरेबुवा नव्या जावयाला घेऊन दुकानात आले. जावयाला दिलेलं भारी घड्याळ मनगटात सैल होत होतं, पट्ट्याचे दोन दुवे काढायचे होते. मी तिथंच माझ्या गजराच्या घड्याळासाठी उभी होते. सासऱ्यानं सहज, जरा मिरवायला म्हणून, विचारलं, "माल अस्सल हाय न चाचा?" चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "बिलकुल नकली." जावयासमोर! सासऱ्याचा चेहरा असा उतरला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गेल्यावर मी चाचांना फैलावर घेतलं. "अहो, उद्या पोरीचं लग्न हाय त्यांच्या! एक शब्द गोड बोलला असता तर काय जीभ झडली असती?"

"त्यांनी इचारलं, सिस्टर. न इचारतं तर मी दुवे काढून दिले असते, चूप."

"अन् लग्न मोडलं असतं म्हणजे?"

"खोट्या घड्याळापायी मोडणारं असलं तर जल्दी मोडलेलं बरं."

लग्न मोडलं नाही. पण सासरेबुवा परत कधी आमच्या गल्लीत दिसले नाहीत. असे कितीतरी लोक चाचांनी तोडले. तरी अडीनडीला येत सगळे त्यांच्याकडेच, कारण 'हे चालंल' म्हणाले की ते चालायचं आणि 'याचं झालं' म्हणाले की गावात दुसरीकडे विचारायला कुणी जात नसे. युनूसचाचा खोटं बोलत नाहीत, हे मंठ्यात गृहीतच होतं.

जमादार हा त्यांनी पाळलेला नव्हता. तोच येऊन बसला होता. राखाडी रंग, गालांवर दोन काळे झुपके, अगदी जुन्या काळच्या पोलीस जमादाराच्या मिशा. रोज गल्लीची फेरी मारायचा, एकेका ओट्यावर चढून तपासणी करायचा आणि मग दुकानातल्या काचेच्या कपाटावर अंग पसरायचा. चांगला गलेलठ्ठ बोका. त्या दिवाळीनंतर तो झपाट्यानं झडला. बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी प्यायचा, दिवसभर मुतायचा आणि मागचे पाय टाचांवर टेकवून बसल्यासारखा चालायचा. आमच्या गावचे जनावरांचे डॉक्टर चाचांना म्हणाले, "माझा हात म्हशींचा. याला जालन्याला न्या." चाचांनी दुकान बंद केलं, काळीपिवळी जीपमध्ये बोक्याला मांडीवर घेऊन जालना गाठलं. तिथं कुत्र्यामांजरांचा एक तरुण डॉक्टर आहे.

तर सुईचा पहिला धडा. मी म्हणलं, मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी झाली की तंबूच्या बुडाशी सुई. चाचा म्हणाले, "आधी मला टोचा."

"काय?"

"औषध नका भरू. रिकामी सुई. त्याला जिथं टोचायची तिथंच." आणि सदऱ्याची कॉलर खाली ओढून मान पुढं करून बसले. सत्तरीच्या पुढचा माणूस! मी नाही म्हणत राहिले, ते हलेनात. शेवटी टोचली. चाचा क्षणभर डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "ठीक हाय. त्याला सांगता येईल." काय सांगणार होते आणि कोणत्या भाषेत, देव जाणे. पण त्यांनी बोक्याला मांडीवर घेतलं, कानाशी काहीतरी पुटपुटले आणि पहिल्याच झटक्यात अशी सुई दिली की जमादारनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या हाताखालच्या कितीतरी शिकाऊ पोरींना मी हे तीन-तीन महिने शिकवत असे.

डोस होता एक युनिट. पुढं दीड झाला. माणसाच्या सुईवर अर्ध्या युनिटची रेघ म्हणजे केसाएवढी, माझ्या डोळ्यांना ती दिसायची नाही. चाचा डोळ्याला भिंग लावायचे, सुई उजेडात धरायचे आणि बरोबर रेघेवर दट्ट्या आणून थांबवायचे. घड्याळाला तेल देणारा हात तो. त्या काळात थेंबाचाही फरक पडला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

साखर एकटी आली नव्हती, हीच मोठी भानगड होती. हिरड्या सडलेल्या होत्या, दोन दात काढावे लागले. रक्त तपासलं तर किडन्याही थकलेल्या. साखरेसाठी डॉक्टर म्हणाले, दूध-भात-पोळी बंद, मांस द्या. किडनीसाठी म्हणाले, मांस बेतानं द्या. मी डोक्याला हात लावला. चाचा शांतपणे म्हणाले, "म्हंजी एक चाक इकडं फिरवायचं अन् त्याच टायमाला दुसरं तिकडं. बराबर?" डॉक्टर हो म्हणाले. "मंग जमंल. घड्याळात तसंच असतं." कोंबडीचं मांस उकडायचं, बारीक करायचं, मापानं द्यायचं. तीन दिवसांतून एकदा कातडीखाली सलाईन, ते मी लावायचे, दुकानातल्या खुंटीला बाटली टांगून. खाल्लं तर पूर्ण सुई, अर्धं खाल्लं तर अर्धी, तोंडच लावलं नाही तर सुई नाही आणि सिस्टरला हाक.

दुरुस्तीच्या घड्याळांना दोऱ्यानं बांधायच्या पांढऱ्या चिठ्ठ्या असतात ना, त्यांवर चाचा रोजची नोंद ठेवायचे. फजर: खाल्लं, एक. मगरिब: अर्धं खाल्लं, अर्धी. पहाटेची नमाज ती फजर आणि दिवेलागणीची ती मगरिब. चिठ्ठ्यांची माळ करून खिळ्याला अडकवायचे. रमजानात मी संध्याकाळी सलाईन घेऊन गेले, तर अजान सुरू झालेली, समोर ताटलीत खजूर, दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नाही आणि चाचा बोक्याला मांस भरवतायत. "अहो, आधी रोजा सोडा की!" तर म्हणाले, "याचा टाइम झाला. माझं काय, मी थांबू शकतो." खजूर तोंडात गेला तो सुई दिल्यावर. 

आता ते सांगते, जे सांगायला मला इतके दिवस लागले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, बारा-बारा तासांनी. चाचांनी पहिल्या दिवशीच ती चिठ्ठी माझ्यापुढं धरून विचारलं, "म्हंजी कवा-कवा?" आणि मी, बत्तीस वर्षांची सिस्टर, तांदूळ निवडता निवडता म्हणाले, "सोपं हाय की चाचा. पहाटेच्या अजानीला एक अन् दिवेलागणीच्या अजानीला एक. बारा तास बरोबर भरतात." चाचा म्हणाले, "बराबर." डिसेंबरात ते बरोबरच होतं. पहाटेची अजान पावणेसहाला, संध्याकाळची सहाच्या आत. पण अजान काही घड्याळावर चालत नाही, सूर्यावर चालते. उन्हाळा लागला तशी पहाटेची अलीकडे सरकत गेली आणि संध्याकाळची पलीकडे. रोज मिनिट-अर्धं मिनिट. सगळी गल्ली तिच्याबरोबर सरकली, मीसुद्धा. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मे महिना. मी गच्चीवर कुरडया घालत होते. दहाचा सुमार असेल. खालून हाक आली, "सिस्टर! जल्दी!" चाचांचा चढलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पिठाच्या हातानं पळत गेले. जमादार काचेच्या कपाटावर आडवा, तोंडातून लाळ, चारही पाय हवेत पळाल्यासारखे झटके देतायत, डोळे सताड उघडे आणि त्यांत काही नाही. साखर उतरली होती, हे मला दारातूनच कळलं. समोरच्या हॉटेलातून साखर आणली, पाण्यात कालवली आणि बोटानं हिरड्यांना चोळत राहिले. चाचा त्याचं डोकं धरून बसले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. झटके थांबले, मग त्यानं मान उचलली आणि भिंतीकडे बघत म्यांव केलं. आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला बसलो होतो.

तशीच जीप धरली आणि जालना गाठलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, डोळ्यांवर बॅटरी मारली. म्हणाले, "वाचला. पण नजर बहुतेक गेली." मग चाचांनी सोबत आणलेली चिठ्ठ्यांची माळ हातात घेऊन विचारलं, "फजर म्हणजे किती वाजता देता?"

"आता साडेचारला होती."

"आणि संध्याकाळी?"

"सात."

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. मीही मनात मोजलं. साडेनऊ तास. रात्रीची सुई उतरायच्या आत पहाटेची वर चढत होती. आणि दिवसा उलट, साडेचौदा तासांचा खंड. संध्याकाळी जमादारच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब तपासला की साखर जास्त दिसायची, म्हणून एप्रिलात डोस वाढवलेला.  टेबलाशी उभी राहून मी परत एकदा मोजलं, तेवढंच भरलं.

डॉक्टर भडकले. "मी बारा तास लिहून दिलं होतं! अजानीवर द्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण मी शब्द जुळवायला लागले आणि त्या अर्ध्या क्षणात चाचा बोलून गेले, "कुणी न्हाई सांगितलं. सिस्टरनं घड्याळ धरून सांगितल्तं, सहा अन् सहा. मीच माझ्या सोयीनं अजान धरली."

"घड्याळवाले ना तुम्ही? तुम्हाला वेळ कळत नाही?"

"चुकलं," चाचा म्हणाले आणि मान खाली घातली.

 काय म्हणावं याला! समोर एक पोरगेला डॉक्टर त्या माणसाला फाडून खातोय, जो माणूस जन्मात कुणाशी खोटं बोलला नाही तो माझ्यासाठी खोटं बोललाय, आणि मी पदरानं तोंड पुसत उभी आहे. परतीच्या जीपमध्ये दोघं शेजारी बसलो होतो. जमादार पिशवीत. मंठा येईपर्यंत मी खिडकीबाहेरची झाडं मोजत राहिले, आणि त्यांनीही मला बोलायला लावलं नाही.

गल्लीत बातमी जायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पानपट्टीवाला भिकाजी दुकानासमोर उभा राहून हसत होता, "काय चाचा, घड्याळवाल्यानंच टाइम चुकवला म्हणं?" चाचा म्हणाले, "चुकवला." बस. रोज कुणीतरी यायचं, रोज तेच विचारायचं, आणि चाचा रोज तेच उत्तर द्यायचे. आंधळा जमादार कपाटावर बसलेला असायचा, आवाज येईल तिकडे कान फिरवत. त्याची गल्लीची फेरी बंद झाली होती.

वर आणखी एक. जालन्याहून आलो त्या संध्याकाळीच चाचा मला म्हणाले होते, "उद्यापासून तुम्हीच टोचा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. घड्याळ बघून." मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे. चूपचाप मान्य केली. सकाळी-संध्याकाळी सहाला मी दुकानात हजर. एकदाही पाच मिनिटं इकडं-तिकडं झालं नाही.

असे दोन आठवडे गेले आणि माझा धीर सुटला. एका दुपारी गेले, दुकानात कुणी नव्हतं. म्हणलं, "चाचा, मला आता सहन व्हायना. ती चूक माझी होती. तुम्हाला पुरतं ठाऊक हाय. मी डॉक्टरला फोन करते अन् गल्लीला बी सांगते."

"नका सांगू."

"का पण? माझ्यासाठी एवढं बोलणं खाऊन राह्यलात..."

"तुमच्यासाठी?" चाचांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुमच्यासाठी कशाला, सिस्टर? जमादारसाठी बोललो मी."

मला काही कळेना. तेव्हा चाचांनी उजवा हात काचेवर ठेवला. हात थरथरत होता. काचेखालच्या काट्यांची डबी किणकिणायला लागली. माझी नजर दुकानावरून फिरली. टेबलावर एकही घड्याळ उघडलेलं नव्हतं. भिंतीवर निम्मे खिळे रिकामे. गिऱ्हाइकांची घड्याळं त्यांनी गुपचूप परत केली होती, आणि रोज दोनदा तिथं जाणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

"कधीपासून?"

"जरासं एप्रिलपासून. दोन्ही हातांनी सुई धरून देत होतो. आता जमत न्हाई. औषध चालू हाय, पण हे वाढणारं हाय म्हणले." मग हात मांडीखाली घालून म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टरपुढं तुम्ही कबूल केलं असतं तर परत सुईला हात लावला असता का? तुमचा स्वभाव मला ठाऊक न्हाई व्हय? सुई फेकली असती अन् घरी जाऊन रडत बसल्या असत्या. मंग याला कोण टोचणार होतं? माझा हात गेला. तुमचा बी घाबरला असता तर चालणार नव्हतं."

 म्हणजे डॉक्टरच्या टेबलाशी, त्या अर्ध्या क्षणात या माणसानं एवढा हिशोब केला होता. काय मोडलंय, काय शाबूत आहे, आणि जे शाबूत आहे त्याला धक्का लागू द्यायचा नाही. आणि त्यासाठी सत्तर वर्षांची स्वतःची अब्रू मोडीत काढली होती. मला त्यांचा रागही आला, खोटं कशाला सांगू. मला वाटलं होतं माझ्यावरच्या मायेपोटी बोलले. त्यांच्या लेखी मी म्हणजे नुसता सुई धरणारा हात! मी रागारागानं घरी आले, रडले आणि सहाच्या ठोक्याला परत गेले.

जमादार त्यानंतर पाच महिने जगला. साखर ताब्यात होती, अगदी माणसाची राहत नाही इतकी. पण किडन्यांनी दगा दिला. दसऱ्यानंतर त्यानं खाणं सोडलं. मी सलाईन वाढवलं, मळमळीचं औषध दिलं, तोंडाला मांसाचं पाणी लावलं. एका संध्याकाळी मी सुई भरायला लागले तर चाचा म्हणाले, "राहू द्या." त्यांनी थरथरत्या बोटांनी त्याचे ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक. "याचं झालं, सिस्टर. आता टोचणं म्हंजी आपली हौस." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मांडीवरच तो गेला. दुकानामागच्या लिंबाखाली आम्ही त्याला पुरला. चाचा रडले नाहीत. मी मात्र त्या बोक्यासाठी सख्खं कुणी गेल्यासारखी रडले.

मग महिन्याभरानं चाचांची मुलगी परभणीहून त्यांना न्यायला आली. हाताबरोबर आता पायही अडखळायला लागला होता, एकटं राहणं शक्य नव्हतं. जीपच्या स्टँडवर निम्मी गल्ली निरोपाला आली होती. मुलीनं त्यांना खिडकीजवळ बसवलं. सामान वर चढत होतं. भिकाजीला राहवलं नाही. म्हणाला, "चाचा, परभणीत टाइम बघून ऱ्हावा बरं का. हितं तुमच्या टाइमानं बोका आंधळा केला." लोक हसले. वाईटपणानं नाही, निरोपाच्या वेळी हसतात तसं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"गप रे भिक्या!" मी ओरडले. "ती चूक चाचांची नव्हती. अजानीवर टोचा असं मी सांगितल्तं. मी! ऐकलं का सगळ्यांनी? बारा तासांची चिठ्ठी हातात असून मी अजान सांगितली अन् डॉक्टरपुढं तोंड शिवून उभी राह्यले."

 मी चाचांकडे बघितलं. मला खात्री होती. आता जमादार नव्हता. सांभाळायचं काही उरलं नव्हतं. खोटं बोलायचं जे कारण होतं ते लिंबाखाली पुरलेलं होतं. आता विचारलं की हा माणूस खरंच बोलणार. मी म्हणलं, "सांगा चाचा. मी इचारून राह्यले तुम्हाला. कुणी सांगितल्तं?"

चाचांनी खिडकीतून सगळ्यांकडे नजर फिरवली. मग माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिस्टरनं सहाच सांगितले होते. मीच चुकलो. त्यांचं मन हळवं हाय, काही बी अंगावर घेतात."

जीप सुरू झाली. मी खिडकीची कड धरली. "चाचा, आता तर जमादार बी न्हाई हो! आता कुणासाठी?" ते डाव्या हातानं उजवा हात गच्च धरून, समोर बघत बसले होते. जीप वळली तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, पुरे म्हणल्यासारखी. मग जीप गेली.

मी वळले तर सगळी गल्ली माझ्याकडे मायेनं बघत होती. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. भिकाजीनं कान पकडले आणि मला म्हणाला, "चुकलं सिस्टर. पण तुमचं मन लई मोठं. कुणी दुसऱ्याचं असं अंगावर घेतं का?"

"मूर्खा, मी खरं बोलून राह्यले!"

"हाव, हाव," तो म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन मला घरापर्यंत सोडायला निघाला.